ऐंशी पानांचे लग्न

स्थळ पसंत पडले की दोन्हीकडची वडीलमंडळी याद्यांच्या बैठकीला बसतात. चहा-पोहे होतात, मामा किंवा काका वही उघडतात आणि कार्यालय कोणी करायचे, सोने किती घालायचे, मानपान कोणाकोणाचा, अशी एकेक बाब लिहिली जाते. मग वधूपक्षाकडून सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो, ‘‘पाहुणे, तुमच्याकडून साधारण किती माणसं येतील?’’ समोरून उत्तर येते, ‘‘फार नाहीत हो, दोनशे-अडीचशे धरा.’’ मुलीचे वडील मान डोलावतात. लग्नाचा निम्मा खर्च त्या मान डोलावण्याबरोबर ठरून गेलेला असतो. पुढचे चार महिने घासाघीस चालते ती हारांच्या भावावर आणि पत्रिकेच्या कागदावर.

हीच बैठक आटोपशीर लग्नाचीही सुरुवात होऊ शकते. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात ‘यादी पे शादी’ हा प्रकार आता चांगलाच ओळखीचा आहे. याद्या करायला किंवा साखरपुड्याला जमलेल्या मंडळींपैकीच कोणीतरी विषय काढतो, दोन्ही घरे तयार होतात, गुरुजींना बोलावणे जाते आणि संध्याकाळपर्यंत अक्षता पडतात. सगळ्यांनाच असे तडकाफडकी लग्न जमणार नाही, जमावे असेही नाही. पण ज्यांना दोन-अडीच लाखांत, कर्ज न काढता, नीटनेटके लग्न करायचे आहे, त्यांनी हिशेब कुठून सुरू करावा हे त्यातून कळते. सुरुवात माणसांपासून करावी लागते.

पानांचा हिशेब

सांगली, नाशिक किंवा लातूरसारख्या शहरातले एक मध्यमवर्गीय लग्न उदाहरणादाखल घेऊ. जेवणाचे ताट 400 रुपयांना आणि सकाळचा नाश्ता-चहा माणशी 80 रुपयांना पडतो असे धरू. केटररच्या बिलावर 5 टक्के जीएसटी लागतो. पाने तीनशे असतील, तर जेवणाचे 1,20,000, त्यावर कर 6,000 आणि घरच्या व्यवस्थेत केलेल्या नाश्त्याचे 24,000 मिळून दीड लाख होतात. पाने ऐंशी असतील, तर हाच हिशेब 32,000, 1,600 आणि 6,400, म्हणजे 40,000 रुपयांवर थांबतो. एक लाख दहा हजारांचा फरक पडतो आणि त्यासाठी मेनूतली जिलबीसुद्धा काढावी लागत नाही.

पाने वाढली की बाकीचे सगळेच वाढते. तीनशे माणसांना मोठे कार्यालय लागते, मोठ्या कार्यालयाला मोठी सजावट लागते. खुर्च्या, पाणी, वाढपी, गाड्यांची जागा, लांबच्या पाहुण्यांच्या राहण्याच्या खोल्या, परतीच्या आहेराची पाकिटे, हे सारे त्याच आकड्याच्या मागे धावते. म्हणून रुखवतातले दोन पदार्थ कमी करून खर्च आटोक्यात येत नाही आणि यादीतली दोनशे नावे कमी केली की तो आपोआप येतो.

ऐंशी पानांचा दोन लाखांचा ताळेबंद साधारण असा मांडता येईल. खाणे-पिणे 40,000. लहान कार्यालय किंवा सभागृह 25,000. मांडव, हार आणि फुले 12,000. गुरुजींची दक्षिणा व पूजेचे साहित्य 6,000. वधू-वरांचे कपडे 30,000. मंगळसूत्र 50,000. छायाचित्रे 15,000. पत्रिका आणि गाडीभाडे 10,000. ऐनवेळच्या खर्चासाठी राखीव 12,000. गावोगावचे भाव वेगळे असतील, पण रकान्यांचा क्रम फारसा बदलत नाही. राखीव रकान्याला मात्र कोणी हात लावू नये. लग्नघरात शेवटच्या दोन दिवसांत पैसा कुठे गेला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि तो जातो हे नक्की.

यादीला कात्री

नावे कापणे हे लग्नातले सर्वांत अवघड काम. पत्रिकेत नाव घालायचे राहिले म्हणून वर्षानुवर्षे अबोला धरणारे चुलते बहुतेक घरांत सापडतात. ज्या घरांना हे जमते तिथली माणसे एक सोपा नियम पाळतात. दोन्ही बाजूंना सारखा आकडा, प्रत्येकी चाळीस. त्यात आत्या, मामा, मावश्या, काका आणि त्यांची कुटुंबे आधी. मग वधू-वरांचे जवळचे मित्र. आईवडिलांच्या कार्यालयातले सहकारी, सोसायटी, भिशी, भजनी मंडळ यांना लग्नाला न बोलावता नंतर घरी पेढे घेऊन जायचे किंवा चहाला बोलवायचे. नियम सगळ्यांना सारखा असला की कोणाला डावलल्याचा आरोप करता येत नाही. एका चुलत्याला बोलावून दुसऱ्याला टाळले, तर मात्र घर फुटते.

केळवणाची जुनी रीत इथे फार कामाला येते. ज्यांना लग्नात जागा देता येत नाही ती माणसे बहुधा केळवणाला बोलावणारीच असतात. त्यांच्या घरी जाऊन जेवण झाले, आशीर्वाद घेतले, फोटो निघाले की नाते जपले जाते. कार्यालयातल्या गर्दीत स्टेजवर रांग लावून मिळालेल्या अर्ध्या मिनिटापेक्षा ही भेट कितीतरी निवांत होते.

महाराष्ट्राने लहान लग्नाची सक्तीही पाहिली आहे. करोनाच्या काळात आधी पन्नास माणसांची मर्यादा आली. एप्रिल 2021 मध्ये राज्य सरकारने ती पंचविसावर आणली, सोहळा दोन तासांत उरकण्याचे बंधन घातले आणि मोडणाऱ्याला 50,000 रुपये दंड ठेवला. त्या दिवसांत घराच्या गच्चीवर, अंगणात, देवळाच्या ओवरीत लागलेली लग्ने आजही टिकून आहेत. साथ ओसरल्यावर हजाराच्या पंगती पुन्हा सुरू झाल्या, तरी ‘एवढ्या माणसांतही लग्न लागते’ हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. लहान लग्नाचा विषय घरात काढणाऱ्या मुला-मुलींना आता निदान उदाहरण शोधत बसावे लागत नाही.

मुहूर्त आणि मांडव

कार्यालयांचे दर मुहूर्तावर चढतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात लग्ने होत नाहीत, तुळशीचे लग्न लागले की हंगाम उघडतो, आणि एप्रिल-मेमधल्या दाट तिथींना तर एकाच दिवशी गावातली सगळी कार्यालये भरलेली असतात. ज्यांना मुहूर्ताचा आग्रह नाही त्यांनी आठवड्यातला मधला वार किंवा चातुर्मासातली तारीख घ्यावी. कार्यालयवाला स्वतःहून भाव उतरवतो. ज्यांना पंचांग पाहायचेच आहे त्यांच्यासाठी काढीव मुहूर्त असतात आणि काही पंचांगे चातुर्मासातले आपत्कालीन मुहूर्तही छापतात. गुरुजींना आधी विचारले तर तेच दोन-तीन तारखा सुचवतात.

कार्यालय ठरवताना भाड्याच्या आकड्यावर भुलून पावती फाडू नये. वीज मीटरप्रमाणे वेगळी आहे का, जनरेटरचे डिझेल कोणाचे, स्वच्छतेचे किती, अनामत कधी परत मिळणार, आणि मुख्य म्हणजे केटरर त्यांचाच घ्यावा लागेल का, हे लिहून घ्यावे. ‘भाडे कमी, पण केटरर आमचाच’ या अटीत भाड्याची सूट ताटाच्या भावातून वसूल होते. किमान किती ताटांची हमी द्यावी लागेल हेही विचारावे. हमी दीडशेची आणि माणसे ऐंशी असली, तर सत्तर न वाढलेल्या ताटांचे पैसे मोजावे लागतात.

कार्यालयच हवे असेही नाही. सोसायटीचे सभागृह, गावातल्या देवळाचा सभामंडप, समाजमंदिर, सुट्टीतली शाळा, शेतावरचे अंगण, ऐंशी माणसांना काहीही पुरते. पुण्याजवळच्या आळंदीत तर लग्ने लावणे हा मोठा व्यवसायच आहे. हॉल, गुरुजी, हार आणि जेवण एकत्र ठरवून तिथे दिवसाकाठी कितीतरी लग्ने लागतात. सकाळी लग्न आणि दुपारी पंगत असा बेत ठेवला की रोषणाईचा खर्च वाचतो आणि संध्याकाळचे वेगळे रिसेप्शनही टळते. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला कायद्याने मनाई आहेच. सकाळच्या लग्नात सनई-चौघड्याची ध्वनिफीत पुरेशी होते.

आचाऱ्याची वही

ऐंशी माणसांसाठी केटररऐवजी आचारी बोलावणे अजून परवडते. यात शिधा घरचा आणि मजुरी आचाऱ्याची. जुना आचारी आधी माणसे विचारतो, मग पंगत की बुफे ते विचारतो, आणि हातानेच यादी लिहून देतो. मसालेभात आणि साधा भात मिळून तांदूळ सात-आठ किलो, जिलबी माणशी शंभर ग्रॅमच्या हिशेबाने आठ किलो, वरणाला दोन-अडीच किलो तूरडाळ, पुरीची कणीक, बटाटे, अळूच्या जुड्या, काकडी, ओले खोबरे, मठ्ठ्याचे दही, तेलाचे डबे. शेवटी तो हमखास लिहितो: कोथिंबीर, मीठ, काडेपेटी. यादी किराणा दुकानात घाऊक भावाने भरली आणि भाजी सकाळी बाजार समितीतून आणली की ताट केटररच्या भावापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडते. भांडी भाड्याने मिळतात. मात्र सामान आणणारा, मोजून देणारा आणि उरलेले आवरणारा घरचा एक खमका माणूस त्या दिवशी स्वयंपाकाच्या जागी हवा. असा माणूस नसेल तर केटररच बरा.

मेनूतही लहान लग्नाला सोय आहे. हजार माणसांच्या बुफेत चायनीज, चाट, पाच गोड पदार्थ आणि आइस्क्रीमचे काउंटर ठेवले जातात, कारण कोण काय खाईल याचा नेम नसतो. ऐंशी माणसे ओळखीची असतात. मसालेभात, मठ्ठा, जिलबी, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, कोशिंबीर, वरणभात अशी पंगत आग्रहाने वाढली तर कोणी उपाशी उठत नाही आणि पानात टाकलेलेही कमी निघते.

सोने, कपडे आणि मानपान

2025 साली 10 ग्रॅम सोन्याचा भाव लाखाच्या पुढे गेला. त्यामुळे 50,000 रुपयांच्या मंगळसूत्रात काळी पोत, दोन वाट्या आणि जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास सोने बसते. सोने घेताना भावाइतकीच घडणावळ पाहावी. ती दुकानागणिक बदलते आणि त्यावर घासाघीस करता येते. एकूण बिलावर 3 टक्के जीएसटी लागतो. दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षरी-आकडी एचयूआयडी क्रमांक असणे 1 एप्रिल 2023 पासून बंधनकारक आहे. तो नसेल तर दागिना घेऊ नये. घरातल्या जुन्या दागिन्यांची मोड घालून मंगळसूत्र करणे ही आपल्याकडची जुनीच वाट आहे आणि एवढ्या चढ्या भावात तीच सर्वांत शहाणपणाची.

शालू पुन्हा नेसला जात नाही हे प्रत्येक बाईला ठाऊक असते. विधींना मामाकडची पिवळी साडी, लग्नाला आईची किंवा आजीची पैठणी आणि नवी घ्यायची ती पुढे सणावाराला नेसता येईल अशी एक, एवढ्यात भागते. नवऱ्यामुलाची शेरवानी भाड्याने मिळते. प्री-वेडिंग शूट, ड्रोन, जाड अल्बम हे तीन शब्द छायाचित्रकाराच्या कोटेशनमधून काढले की रक्कम लगेच उतरते. अर्ध्या दिवसाचा एक चांगला छायाचित्रकार आणि फोटोंच्या फायली एवढे मागावे.

ग्रामीण भागातल्या लग्नात वेळ आणि पैसा खाणारी गोष्ट म्हणजे सत्कार. मुहूर्त टळून जातो, ऊन डोक्यावर येते आणि माइकवरून एकेका पाहुण्याचे नाव पुकारून टॉवेल-टोपी, शाल, फेटा सुरूच असतो. त्याच टोप्या पुढच्या लग्नात दुसऱ्या घरून परत येतात. पत्रिकेतच ‘आहेर आणू नये, मानपान होणार नाही’ असे दोन्ही घरांच्या नावाने छापले की कोणा एकावर कंजूषपणाचा ठपका येत नाही. 2025 मध्ये पुणे, अहिल्यानगर परिसरात मराठा समाजाच्या बैठकांनी लग्नासाठी आचारसंहिता केल्या. त्यांत हुंडा, डीजे, प्री-वेडिंग शूट यांना फाटा देण्याचे आणि माणसे मर्यादित ठेवण्याचे आवाहन होते. एकट्या घराला जे बोलायला जड जाते ते समाजाने ठरवले की सोपे होते.

हुंड्याबाबत तर बोलणीच नकोत. 1961च्या कायद्याने तो देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवावी, असे 1985चे नियम सांगतात. फार कमी घरे ती करतात. करणाऱ्यांना पुढे वाद झालाच तर तिचा उपयोग होतो.

साधेपणाची इथली परंपरा

कमी खर्चाचे लग्न ही गरिबाची नाइलाजाने घेतलेली वाट आहे, असा समज असतो. महाराष्ट्रात ती विचारांची वाट म्हणून दीडशे वर्षे चालत आलेली आहे. महात्मा फुले यांनी सप्टेंबर 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचे पहिले सत्यशोधक लग्न लागले. पुरोहित नाही, हुंडा नाही आणि खर्च अगदी बेताचा. सावित्रीबाई त्यात पुढे होत्या. 1887 मध्ये फुल्यांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची पुस्तिकाच काढली, म्हणजे कोणालाही घरच्या घरी लग्न लावता यावे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही सत्यशोधकी पद्धतीने लग्ने लावतात.

गाडगेबाबांनी कीर्तनांतून कर्ज काढून सण-लग्ने करणाऱ्यांना खडे बोल सुनावले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत आपल्या निवासस्थानी मोजक्या माणसांत नोंदणी पद्धतीने लग्न केले. बौद्ध पद्धतीतले त्रिशरण-पंचशीलाचे लग्न मुळातच थोडक्यात होते. पुण्यातल्या ज्ञान प्रबोधिनीने स्त्रियांना आणि सर्व जातींच्या लोकांना पौरोहित्य शिकवून, मराठीत अर्थ सांगत लग्न लावण्याची रीत रुजवली. घरात वडीलधारे नाराज असतील, तर यांतले एखादे उदाहरण पुढे ठेवावे. त्यांच्यापैकी कोणाला तरी ते आधीच माहीत असते.

सरकारी मदत आणि नोंदणी

पैशांची फारच ओढाताण असेल, तर शासनाच्या काही योजनांकडे पाहावे. शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतल्या मुलींसाठी महिला व बालविकास विभागाची शुभमंगल योजना आहे. ती सामूहिक लग्नांना तर लागू आहेच, पण नोंदणी कार्यालयात लग्न करणाऱ्यांनाही मिळते. अनुदान पूर्वी 10,000 रुपये होते, ते पुढे 25,000 करण्यात आले. बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराला पहिल्या लग्नासाठी 30,000 रुपये मिळू शकतात. आंतरजातीय विवाहाला समाजकल्याण विभागाकडून 50,000 रुपयांचे प्रोत्साहन आहे. अटी आणि रकमा बदलत राहतात, म्हणून तारीख ठरवण्याआधी जिल्हा परिषदेत किंवा संबंधित कार्यालयात चौकशी करावी.

कर्जाचा मोह इथेच टाळावा. तीन लाखांचे वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे 10,250 रुपये हप्ता बसतो आणि व्याजाचे एकूण 69,000 रुपये जातात. नव्या संसाराचे गॅस, भांडी, पलंग, फ्रिज यांतले बरेचसे त्यात आले असते.

विधी नकोच असतील, तर 1954च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करता येते. दोघांपैकी एकजण निदान 30 दिवस ज्या जिल्ह्यात राहत असेल, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. हरकतीसाठी 30 दिवस थांबायचे. मग नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचे. मुलगा 21 आणि मुलगी 18 वर्षे पूर्ण असायला हवी. बरीच जोडपी सकाळी सही करतात, दुपारी चाळीस-पन्नास जणांना जेवायला घालतात आणि संध्याकाळी आपल्या घरी असतात. नोटिशीचे दिवस लक्षात न घेता तारीख ठरवून पत्रिका छापली, तर मात्र फजिती होते.

विधिपूर्वक लग्न केलेल्यांनीही नोंदणी करून घ्यावी. महाराष्ट्रात 1998च्या कायद्यानुसार लग्नानंतर 90 दिवसांत ती करायची असते, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेच्या कार्यालयात आणि खेड्यात ग्रामपंचायतीत. नवरा-बायको, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, पत्रिका आणि लग्नाचा फोटो एवढे लागते. गुरुजींची सही मांडवातच घेऊन ठेवावी, नंतर ते हंगामात सापडत नाहीत. मुदतीत गेल्यास फी नाममात्र असते, उशीर झाला की विलंबशुल्क पडते. पासपोर्ट, व्हिसा, बँकेचे संयुक्त खाते, विमा, पुढे कधी मालमत्तेचे काम, सगळीकडे हा दाखला मागतात. हनिमूनची तिकिटे काढण्याआधी नोंदणीची तारीख घ्यावी.